पाणी पिल्याशिवाय बातमी नाही

मी निवृत्त झालो, माझा फोन झाला नाही. सकाळी चहाची कपबशी हातात असते आणि कोणीतरी काहीतरी पाठवतं. कुठल्याशा पोराला जगात कोणालाच नसलेला आजार. कुठल्याशा खेड्यातली पोरगी मोठ्या सिनेमात. आणि खाली एकच ओळ : "दादा, खरं हाय काय?"

हा प्रश्न मला पहिल्यांदा विचारला तो माझ्या याडीनं. आमच्या बंजारा तांड्यात आईला याडी म्हणतात. मी तांड्यातला पहिला बी.ए. हे मी आजही कोणी न विचारता सांगतो, आता छापूनही टाकतो. दिग्रसला एका दैनिकाचा तालुका प्रतिनिधी झालो आणि पहिली बातमी आली ती खचलेल्या पुलाची. ती याडीला वाचून दाखवली. वाटलं, पाठीवर हात फिरवेल. तिनं आमच्या बोलीत विचारलं, "साची छ कांई?" म्हणजे, खरं आहे का हे?

"पेपरात आलं ना याडी!"

"तू त्यांच्या घरी गेलतास? पाणी पिलास?"

"पुलाचं घर कुठं असते याडी?"

"मग ज्याला घर आहे, त्याच्याकडे तरी जात जा," ती म्हणाली. "ज्याच्या घरचं पाणी पिलं नाही, त्याच्याबद्दल चार लोकांत बोलू नये."

पत्रकारितेचं माझं सगळं शिक्षण एवढंच. पुढे शिबिरं झाली, प्रमाणपत्रं मिळाली. ती भिंतीवर आहेत.

तालुका प्रतिनिधी म्हणजे काय, हे नव्या वाचकांना सांगायला हवं. पगार नावाची गोष्ट नव्हती. पेपरची एजन्सी आपल्याकडे, वाढदिवसाच्या जाहिरातींवर थोडं कमिशन, आणि बाजारात "या, पेपरवाले" एवढा मान. बातमी कागदावर लिहायची, पाकिटात घालायची, आणि दुपारच्या यवतमाळ गाडीच्या कंडक्टरच्या हातात द्यायची. यवतमाळच्या स्टँडवर आमच्या कार्यालयाचा शिपाई ती उतरवून घ्यायचा. कापसाच्या दिवसांत दिग्रसच्या रस्त्यांवर गाड्यांची रांग लागायची, जिनिंगची घरघर गावभर, आणि माझ्या पाकिटाला चिकटलेला कापूस थेट संपादकांच्या टेबलावर पोचायचा. ते म्हणायचे, "तुझी बातमी हातात घेतली की शिंक येते."

अपघात, पाणीटंचाई, सभा ह्या बातम्यांकडे आपण जायचो. दोन बातम्या मात्र स्वतः चालत दारात यायच्या. एक, 'दुर्धर आजाराशी झुंज, मदतीचा हात हवा.' दुसरी, 'तालुक्याच्या सुपुत्राची चित्रपटात भरारी.' आणि दोन्हींच्या बाबतीत माझा नियम एकच. पाणी पिल्याशिवाय बातमी नाही.

पाण्यात काय असतं, असं लोक विचारतात. पाण्यात काही नसतं; पाणी येईपर्यंतच्या वेळात सगळं असतं. कोणी आत जातं, गुंड्यातून पाणी काढतं, पेला विसळतं. तेवढ्यात कोनाड्यातल्या गोळ्या दिसतात. आजारी माणसाच्या अंथरुणाला एक वास असतो, तो येतो किंवा येत नाही. पेला कोणता निघतो, हातात देतात की वरून ओततात, यावरूनही घर कळतं. तांड्यावरच्या माणसाला हे जास्त कळतं, एवढंच म्हणतो.

एकदा एक गृहस्थ मुलाच्या हृदयाला छिद्र असल्याची बातमी घेऊन आले. डोळ्यांत पाणी, हातात कळंबच्या चिंतामणीचा अंगारा. म्हणाले, पोरगा खाटेवरून उठत नाही. मी म्हटलं, घरी येतो. ते म्हणाले, कशाला तसदी? मी गेलोच. ओसरीवर बसलो. यांनी पाण्यासाठी हाक मारली आणि हृदयाला छिद्र असलेला तो अठरा-वीस वर्षांचा गडी नळावरून भरलेला पाण्याचा हंडा खांद्यावर घेऊन दारातून आत आला. 'कोन आलं जी?' म्हणून माझ्याकडे बघून हसला.

"अबे, तुले सांगतलं होतं ना, खाटेवरून उठू नोको म्हनून!" बाप ओरडला.

"पानी कोन आनन मंग? तुमी?" पोरगा म्हणाला.

मी पाणी पिलो. थंड होतं. बातमी नाही केली.

दुसरा प्रकार सुपुत्रांचा. दिग्रसचा विनू मुंबईला गेला आणि दिवाळीला काळा चष्मा घालून परत आला. "दादा, मालिकेत काम भेटलं. महत्त्वाचा रोल हाय." मी म्हटलं, दाखव. तेव्हा अख्ख्या गल्लीत रंगीत टीव्ही एक. गल्लीच्या टोकाच्या घरातला तो टीव्ही विनूच्या घरी उचलून आणला. अंगणात सतरंज्या, बायका-पोरं, मला खुर्ची आणि पाण्याचा तांब्या. मालिका सुरू झाली. वाड्यात रडारड चाललेली. मधोमध तिरडी, आणि तिरडीवर गळ्यापर्यंत पांढऱ्या कपड्यात आमचा विनू, नाकात कापूस.

मग विनूची माय जी सुटली! "माह्या लेकराले कायले मारलं वं! कोनाचं काय घोडं मारलं होतं त्यानं!" विनू बाजूला जिवंत उभा, "माय, मी अठी हाय, अठी" म्हणतोय, आणि ती टीव्हीकडे बघून ऊर बडवतेय. शेवटी मीठ-मिरची आणून आधी टीव्हीवरून ओवाळली, मग विनूवरून.

मी बातमीत 'प्रेताची भूमिका' असं लिहिलं. विनू भांडायला आला.

"महत्त्वाची भूमिका लिवाले काय झालं होतं? साऱ्या भागात सारे माह्यासाठीच रडून राह्यले होते. मी नसतो तर कोनासाठी रडले असते?"

विनू अजून चार मालिकांत मेला आणि मग गावी येऊन त्यानं मंडपाचा धंदा टाकला. चांगला चालतो. कापड दुकानदार त्याला अजूनही विचारतात, "काय रे, आज जिता हायस?"

असा तो काळ. खोटं होतंच, पण खोट्याला माझ्या दारापर्यंत चालत यावं लागायचं, आणि मला त्याच्या दारापर्यंत. आता त्याला कोणाच्याच दारात जावं लागत नाही. शेवटच्या वर्षांत कार्यालयच म्हणालं, "घरी कशाला जाता? व्हिडिओ मागवून घ्या." मी मान डोलावली आणि जात राहिलो. मग वय झालं. एजन्सी सोडली.

हे सगळं सांगायचं कारण अर्चना.

मागच्या हिवाळ्याच्या तोंडी फुलसावंगीहून शोभाताईचा फोन आला. शोभाताई तिथल्या बचत गटाची अध्यक्ष. बोलायला कडक, मनानं मऊ, आणि मऊपणा लपवायला आणखी कडक. तिनं एक व्हिडिओ पाठवला होता. केस मोकळे सोडलेली एक पोरगी, नाव कुठलंसं नवीन वळणाचं, पुस्तकी मराठीत सांगत होती : मी अभिनेत्री आहे, अनेक मालिकांत आणि चित्रपटांत भूमिका केल्या, आणि मला लाखात एकाला होणारा आजार झाला आहे. आजाराचं नाव इतकं लांब की ते सांगताना तिला मध्येच श्वास घ्यावा लागला. माझं मूळ गाव फुलसावंगीजवळ, मला वाचवा. खाली अर्धे लोक रडत होते, अर्धे शिव्या देत होते.

"दादा, आमच्या गटानं पिठाच्या गिरनीसाठी पैसा जमवला हाय," शोभाताई म्हणाली. "बाया म्हनतेत, गिरनी पुढच्या साली घेऊ, पोरीचा जीव वाचवू. मी म्हनलं, दादाले इचारते. तुमी खरं म्हनलं तर देतो. खोटं म्हनलं तर नाई."

आता आली का पंचाईत! खरं म्हणावं आणि ती ठग निघाली, तर पंधरा बायांची गिरणी गेली. खोटं म्हणावं आणि ती खरोखर आजारी निघाली, तर ते कोणाच्या माथी? माझं मत विचाराल तर मत खोट्याकडे होतं. आयुष्यभरात मी एक गोष्ट पाहिली. खरा आजारी माणूस आजाराचं नाव नीट सांगत नाही. तो म्हणतो, 'इथं दुखते.'

मी विनूला गाठलं. त्यानं तिचे शूटिंगचे फोटो मोठे करून पाहिले.

"जागा खरी हाय, दादा. दिवे खरे हायेत. पन पोरगी मागची हाय."

"मागची म्हणजे?"

"लग्नात ताट धरून उभी राहते, बाजारात पिशवी घेऊन चालते, तशी. साऱ्या फोटोत ती बाजूनं दिसते पाहा. पुढच्या मानसाचा फोटो समोरून निघते. मागच्याले चोरूनच काढा लागते." मग जरा थांबून म्हणाला, "माह्ये बी सारे बाजूनंच हायेत."

म्हणजे अर्धं खरं. आणि अर्ध्या खऱ्यानं पंचाईत दुप्पट होते. मी पिशवीत टॉवेल टाकला आणि पुसदची गाडी धरली. तिथून फुलसावंगी. स्टँडवर शोभाताई डोक्यावरून पदर घेऊन उभी होतीच. "मी बी येते," म्हणाली. "पैसा आमचा हाय."

आजूबाजूच्या गावांत त्या नव्या नावाची पोरगी कोणालाच माहीत नव्हती. शोभाताईनं व्हिडिओ दाखवला तेव्हा एका गावात हापशीवरची बाई म्हणाली, "अवं, हे तं कांताबाईची अर्चू!"

कांताबाई नुकतीच कापूस वेचून आली होती. कमरेला अजून वेचलेल्या कापसाची ओटी बांधलेली. आम्ही कोण, कशाला आलो, हे सांगायच्या आधीच तिनं खाट टाकली, आत तोंड करून हाक मारली, "अर्चू, पाव्हने आले, पानी आन वं."

आम्ही बसलो. पाणी यायला वेळ लागला. इतका की शोभाताईनं माझ्याकडे पाहिलं. आत भिंतीला हात घासल्याचा आवाज आला. मग ती दारात आली. तीच पोरगी, पण केस वेणीत, अंगावर जुना गाऊन. डाव्या हातानं चौकट धरलेली, उजव्या हातात पाण्याचा गडवा, म्हणजे तांब्या. बोटं सुजलेली. डोळ्यांचा पांढरा भाग हळदीच्या हातानं पुसल्यासारखा पिवळा. गडवा माझ्या हातात देताना थोडं पाणी सांडलं. तिनं मला ओळखलं नव्हतं, पण शोभाताईच्या हातातल्या फोनवर स्वतःचा चेहरा पाहिला आणि होती तिथंच उंबऱ्यावर बसली.

"हिची तब्येत काय म्हणते?" मी कांताबाईला विचारलं.

"काय म्हननार जी? सिकलसेल हाय तिले. लहानपनापासून," कांताबाई ओटी सोडत सहज म्हणाली. तिला व्हिडिओ वगैरे काही माहीत नव्हतं. "थंडी लागली का सांधे धरते. मुंबईले गेलती, तठी जास्त झालं. तुमी दवाखान्यातून आले काय?"

सिकलसेल. रक्तातल्या तांबड्या पेशी विळ्यासारख्या वाकड्या होतात आणि नसांत अडकतात; मग जे दुखणं उठतं ते पाहवत नाही. आमच्या भागात हे नाव कोणाला समजावून सांगावं लागत नाही. कितीतरी गावांत कुणाच्या ना कुणाच्या घरी असतंच. शोभाताईच्या बहिणीची मुलगी त्यातच गेली होती, हे मला नंतर कळलं.

"पोरी, मग ते लांब नाव कशाचं?" मी विचारलं.

अर्चना खाली पाहत म्हणाली, "पयले सिकलसेलच सांगतलं होतं, दादा. कोनीच पाह्यलं नाई. पाह्यलं ते आमच्या घरचेच. एकानं खाली लिवलं, हे तं साऱ्याईलेच असते. मंग मी शोधून मोठं नाव काढलं. ते सांगतलं तं लोक रडाले लागले."

"अन् हिरोईन?"

"'मागं उभी राहते' असं सांगतलं तं कोन थांबते?"

शोभाताईचा आवाज चढला. "सरकारी दवाखान्यात औषध फुकट भेटते, हे मले बी मालूम हाय. मंग पैसा कायले पाह्यजे होता तुले?"

अर्चनानं खोटं बोलायचं तर तिथं बोलता आलं असतं. ती म्हणाली, "रूमसाठी. चार पोरी मिळून रूम हाय मुंबईत. माह्या हिश्शाचं भाडं नाई गेलं तं जागा जाईन. जागा गेली तं मी अठीच राह्यन."

"म्हंजे आमची गिरनी तुह्या रूमवर! वा वं बाई!"

कांताबाई आता एकीकडून दुसरीकडे पाहत होती. काय चाललंय हे तिला अर्धं कळलं आणि तिचा चेहरा उतरला. "काय केलं वं अर्चू तू?"

पोरगी रडली नाही. तिनं सांगितलं ते असं. कॉलेजच्या नाटकात बक्षीस मिळालं, त्या जोरावर मुंबईला गेली. सकाळपासून उभं राहायचं. थंडगार हॉलमध्ये पातळ साडीत. बायकांची सोय लांब, आणि मध्येच गेलं तर जागा दुसरीला. म्हणून दिवसभर पाणीच प्यायचं नाही. "डॉक्टर म्हनते, तुले पानी कमी पडलं का दुखनं उठलंच समज. मले मालूम होतं. तरी नाई पेली. एक दिवस ताट हातातून पडलं, मी बी पडली. मंग घरी."

शोभाताईनं हातातला फोन पिशवीत टाकला. मग अर्चना म्हणाली, "लिवा दादा. मी खोटी हाय म्हनून लिवा."

"मी काही लिहीत नाही," मी म्हटलं. "तू बोललीस, तूच ते खोडून काढायचं. ज्यांनी पैसे पाठवले त्यांचे परत कर, आणि जे आहे ते सांग. आमच्यासारखं बोल, पुस्तकातलं नको."

परतीच्या रस्त्यानं शोभाताई एकच वाक्य बोलली. "गिरनी घेतो आमी. पन दादा, दुखनं तं खरं हाय ना जी."

दोन-तीन दिवसांनी अर्चनाचा नवा व्हिडिओ आला. अंगणात खाटेवर बसलेली, मागे कांताबाई भांडी घासतेय. 'मले सिकलसेल हाय. मी मागं उभी राहाचं काम करते. पयले जे सांगतलं ते खोटं होतं. ज्याचे पैसे आले त्याले वापस करून राह्यली.' एवढंच. शिव्या भरपूर पडल्या. आधी रडणारे आता शिव्या देणाऱ्यांत गेले होते. मी विनूला दाखवला. त्यानं बराच वेळ पाहिला. म्हणाला, "हा समोरून काढला."

थंडी वाढली आणि व्हायचं तेच झालं. कांताबाईचा फोन आला, तो रडण्यात कळेना. अर्चनाला यवतमाळला मोठ्या दवाखान्यात भरती केलं होतं. रक्त द्यावं लागणार होतं, आणि बदल्यात रक्त देणारी माणसं हवी होती. मी शोभाताईला कळवलं. विनूला कळवलं. विनूनं मंडपाची गाडी काढली आणि माझ्यासह यवतमाळ गाठलं. पाहतो तो दवाखान्याच्या फाटकात काळी-पिवळी जीप, आणि तीतून गटाच्या बाया उतरताहेत, ठेवणीतली लुगडी नेसून, जणू लग्नाला आल्यात.

रक्तपेढीत एकेकीच्या बोटाला सुई टोचली. पहिलीला सांगितलं, तुमच्यातच रक्त कमी आहे. दुसरीला तेच. तिसरीला तेच. लोहाच्या गोळ्यांची पाकिटं घेऊन एकेक बाई बाहेर येऊ लागली. सगळ्यांत शेवटी शोभाताई आली, तिच्या हातातही गोळ्यांचं पाकीट.

"घ्या!" ती म्हणाली. "द्याले आलो, अन् घेऊन चाल्लो." हसली, आणि हसताहसता तोंडाला पदर लावला.

पंधरांतल्या तिघींचं चाललं. माझं वय गेलेलं. राहिला विनू. तो बाही वर सरकवून निघाला तशी शोभाताई मागून म्हणाली, "अवं बाई, मेलेल्या मानसाचं रक्त चालते काय?" सगळ्या बाया इतक्या हसल्या की आतून नर्स बाहेर आली. विनू खाटेवर आडवा झाला आणि डोळे मिटले. सवयच ती. नर्सनं घाबरून त्याचा गाल थोपटला.

चार दिवसांनी मी अर्चनाला पाहायला गेलो. रंग परत आला होता. उशीला टेकून बसली होती.

"आता तं लिवा दादा," ती म्हणाली. "मी नाई म्हनत नाई."

"लिहितो. काय लिहू?"

"अभिनेत्री लिवा."

"मागे उभी राहणारी लिहीन."

ती रुसली नाही. पांघरुणावरून स्वतःचे गुडघे चोळत म्हणाली, "लिवा तसंच. मागं उभं राहाले बी पाय लागतेत, दादा."

ती बातमी मी लिहिली. आता पाकीट नाही, कंडक्टर नाही, कापूस नाही, फोनवरूनच पाठवली. कार्यालयात एक नवा मुलगा आहे, हुशार आहे. त्याचा लगेच फोन. "सर, आजार दुर्मिळ नाही असं तुम्ही स्वतःच लिहिलंय. मग बातमी कशाची?" मी म्हटलं, त्याचीच. त्यानं आतल्या पानावर, खालच्या कोपऱ्यात लावली. याडी असती तर मी तिला वाचून दाखवली असती. तिनं विचारलंच असतं, आणि मला उत्तर देता आलं असतं.

आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या सुमारास पुन्हा त्या घरी गेलो. अर्चना गावातच होती. मुंबईची रूम गेली होती. ते दुःख तिच्या बोलण्यात होतं आणि ते खोटं नव्हतं. शोभाताईच्या नव्या गिरणीवर दळण मोजायला बसत होती. पुढच्या पावसाळ्यानंतर परत जाईन म्हणाली. जाईल की नाही, मी सांगू शकत नाही. जी गोष्ट पाहिली नाही ती मी सांगत नाही.

कांताबाईनं खाट टाकली. या वेळी पाणी यायला वेळ लागला नाही. अर्चना भिंत न धरता आली आणि गडवा माझ्यापुढे केला.

मी हात पुढे केला नाही. म्हटलं, "या घरात आधी तू पी."

ती तिथंच उभी राहून प्यायली, पूर्ण गडवा, न थांबता. मग तो विसळून माझ्यासाठी भरून आणायला आत गेली.